सरकारी ऑफिसातलं टेबल आणि तुमच्या दुकानातला पहिला माणूस



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एकच प्रश्न घेतला होता: माणूस कामावर येतो, पण मन घरी का ठेवून येतो? व्हिडिओत सगळं मावलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वाचताना वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

उदाहरणं मी मुद्दाम सरकारी ऑफिसांची घेतली आहेत. तुम्ही म्हणाल, "सर, आम्हाला धंदा शिकवा, तहसील कचेरी कशाला?" त्याला तीन कारणं आहेत.

एक, आपल्या मलकापुरात बघा. नगरपरिषद, एसटीचा डेपो, महावितरण, जिल्हा परिषदेच्या शाळा, पलीकडे शाहूवाडीला तालुक्याची कार्यालयं. इतकी माणसं पगारावर ठेवणारा दुसरा मालक आपल्या भागात नाही. दोन, सरकारी कामात जे प्रयोग झाले ते उघड्यावर झाले. काय जमलं, काय फसलं, हे आपल्याला फुकटात बघायला मिळतं. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: तुमच्या दुकानात काम करणारा पोरगा रात्री भरतीचा अभ्यास करत असतो. तुमची स्पर्धा समोरच्या दुकानाशी नंतर, आधी सरकारी नोकरीशी आहे. पगारात तुम्ही तिच्याशी जिंकणार नाही. मग कशात जिंकणार, ते आज बघू.

एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा नव्हे

मॅनेजमेंटच्या भाषेत या विषयाला "एम्प्लॉयी एंगेजमेंट" म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर माणसाचं कामात मन असणं. हजेरी वेगळी, हुशारी वेगळी आणि मन वेगळं. हजेरी शंभर टक्के आणि मन शून्य, अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

विल्यम कान नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1990 साली यावर एक शोधनिबंध लिहिला. मुलांच्या उन्हाळी शिबिरातले कार्यकर्ते आणि वास्तुरचनाकारांच्या एका ऑफिसातली माणसं, अशा दोन ठिकाणी त्याने बघितलं की माणूस कामात स्वतःला कधी ओततो आणि कधी आखडता हात घेतो. त्याच्या मते माणूस नकळत स्वतःला तीन प्रश्न विचारत असतो:

1. या कामाला काही अर्थ आहे का?
2. इथे मी बोललो, चुकलो, तर माझी शोभा होणार नाही ना?
3. आज माझ्या अंगात आणि डोक्यात तेवढी ताकद शिल्लक आहे का?

तिन्हीची उत्तरं बरी असतील तर माणूस मन लावतो. एक जरी बिघडलं तरी तो नुसते हात चालवतो. हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. पुढे प्रत्येक उदाहरणाला आपण हीच मोजपट्टी लावणार आहोत.

पगार पक्का, तरी कंटाळा का?

"सरकारी नोकरीत पगार चांगला, सुट्ट्या भरपूर, मग हे लोक चिडचिडे का?" हा प्रश्न रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला पडतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलेली गोष्ट इथे उपयोगी पडते. तो म्हणाला, काही गोष्टी नसल्या तर माणूस नाराज होतो, पण असल्या म्हणून तो पेटून काम करत नाही. पगार, पंखा, स्वच्छ संडास, नोकरीची शाश्वती, साहेबाचं वागणं, हे सगळं या गटातलं. दुसऱ्या गटात काम पूर्ण केल्याचं समाधान, कौतुक, जबाबदारी, नवीन शिकणं हे येतं. मन लागतं ते दुसऱ्या गटामुळे.

आता आपल्या राज्य सरकारच्या नोकरीला हे लावून बघा. पहिल्या गटातलं बरंच काही तिथे आहे. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीपासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. बढती मिळाली नाही तरी 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरच्या वेतनाचा लाभ देणारी आश्वासित प्रगती योजना आहे. माणसाला सुरक्षितता मिळते, ती हवीच. पण या लाभाचा मुख्य हिशेब वर्षांचा असतो, रोजच्या कामाचा नाही. मग जीव तोडून काम करणारा आणि जेमतेम करणारा, दोघं साधारण एकाच वेळी एकाच पायरीवर पोचतात. जीव तोडणाऱ्याला हे दिसतं. काही वर्षांनी तोही वेग कमी करतो.

कौतुकाचं काय? सरकारी माणसाच्या कामाचं मूल्यमापन वर्षातून एकदा होतं. पूर्वी त्याला "गोपनीय अहवाल" म्हणायचे आणि नावाप्रमाणे तो गोपनीयच राहायचा. वाईट शेरा असेल तर कळवायचे, बाकी काय लिहिलंय ते ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यालाच माहीत नसायचं. 2008 साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. विचार करा, इतकी साधी गोष्ट सांगायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं.

हसू नका. तुमच्या दुकानातही हाच गोपनीय अहवाल चालू आहे! पोरगा चांगलं काम करतो हे तुम्ही बायकोला सांगता, मेव्हण्याला सांगता, पण त्या पोराला सांगत नाही. "डोक्यावर बसेल" ही भीती. तो मात्र वर्षभर अंदाज लावत बसतो की मालक खूश आहेत की नाही.

लखीना साहेबांनी आधी टेबलं हलवली

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्याचे जिल्हाधिकारी होते अनिलकुमार लखीना. त्यांनी कचेरीत केलेला बदल पुढे "लखीना पॅटर्न" म्हणून राज्यभर ओळखला गेला. जुन्या कर्मचाऱ्यांना आजही हे नाव ठाऊक असतं.

त्यांनी सुरुवात भाषणाने केली नाही. कागद आणि जागा यांच्यापासून केली. कुणाकडे कोणतं काम आहे ते स्पष्ट केलं, बसायची व्यवस्था बदलली, वर्षानुवर्षांचे कागद निवडले. कायम ठेवायचे वेगळे, काही वर्षं ठेवायचे वेगळे, नष्ट करायचे वेगळे. प्रत्येकाच्या टेबलावरचं काम ठराविक गठ्ठ्यांत लावायची शिस्त, म्हणजे "सहा गठ्ठे पद्धत", त्यातूनच कचेऱ्यांत ओळखीची झाली. ते सहा गठ्ठे असे:

- मी स्वतः करायची प्रलंबित कामं
- दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी कामं
- ठराविक तारखेला पाठवायची नियतकालिकं
- पुन्हा पुन्हा लागणाऱ्या स्थायी आदेशांची संचिका
- अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये, पाठवायचे कागद
- मुदत संपलेले, नष्ट करायचे कागद

यात एंगेजमेंट कुठे आली? तिसऱ्या प्रश्नात आली. ज्याच्या टेबलावर दोनशे फायली विस्कटून पडल्या आहेत त्याची ताकद शोधण्यातच संपते. नागरिक समोर येऊन "माझ्या अर्जाचं काय झालं?" विचारतो तेव्हा त्याला उत्तर माहीत नसतं. उत्तर माहीत नसलेला माणूस खेकसतो. आपण म्हणतो उद्धट आहे. बऱ्याच वेळा तो गोंधळलेला असतो.

आता पुढची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. 2017 मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागात "झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल" हा उपक्रम राबवला. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि आपलं कोल्हापूर, असे पाच जिल्हे त्यात होते. पुन्हा तेच: जुने कागद निवडा, गठ्ठे लावा, प्रलंबित कामं संपवा. नंतर सरकारने तो राज्यभर लागू केला.

मग प्रश्न असा की तीसेक वर्षांपूर्वी एकदा साफ झालेली टेबलं पुन्हा भरली कशी? उत्तर उपक्रमाच्या नावातच आहे. "झिरो पेंडन्सी" ही मोहीम झाली, ती महिन्या-दोन महिन्यांत पार पडते. "डेली डिस्पोजल", म्हणजे आजचं काम आज निकाली, ही सवय आहे. ती कोणी तरी रोज बघितली तरच टिकते. साहेब बदलला, बघणारा गेला, की ढीग पुन्हा वाढतो. आणि सरकारी बदल्यांच्या 2005 च्या कायद्यात एका जागेवरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे.

आपल्याला इथे मोठा फायदा आहे. तुमची बदली होत नाही! तुम्ही रोज सकाळी त्याच दुकानात असता. सरकारला जी गोष्ट सगळ्यात अवघड जाते, ती तुम्हाला फुकट मिळाली आहे. वापरा ती.

दंडाने काम होतं, मन लागत नाही

त्याच 2005 च्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. साधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. तातडीची फाईल चार दिवसांत. पुढे 2015 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आला. कोणता दाखला किती दिवसांत, कोण देणार, शुल्क किती आणि मिळाला नाही तर अपील कोणाकडे, हे ऑफिसबाहेर फलकावर लावणं बंधनकारक झालं. सबळ कारण नसताना सेवा द्यायला उशीर केला तर संबंधित अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

उद्योजक म्हणून हा कायदा तुमच्या कामाचा आहे. परवाना किंवा दाखला काढायला गेलात की आधी तो फलक वाचा, अर्जाची पोच आणि नंबर घ्या, मुदतीची तारीख वहीत लिहा. भांडायची गरज पडत नाही. "साहेब, मुदत मंगळवारी संपतेय" एवढं नम्रपणे सांगितलं तरी फरक पडतो.

आता मालकाच्या नजरेने बघा. मुदतीचा फलक ही उत्तम गोष्ट, कारण माणसाला त्याच्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे ते कळतं. दंडाचं तसं नाही. दंडाने वेळेत काम होतं, पण माणूस दंड चुकवण्यापुरतंच काम करायला शिकतो. सोपं टाळाटाळीचं उत्तर सापडलं की तेच देतो: "एक कागद कमी आहे, परत या." मुदत पाळली गेली, नागरिकाचं काम मात्र राहिलं.

तुमच्याकडे "उशीर झाला तर पन्नास रुपये कापणार" हा नियम असेल तर पोरगा वेळेवर येईल. पण गिऱ्हाईक दारातून परत चाललं असेल तर उठून हाक मारणार नाही. कारण त्यासाठी नियम नाही. धंदा चालतो तो नियमात न लिहिलेल्या अशा गोष्टींवर.

पुरात तीच माणसं वेगळी कशी दिसली?

ऑगस्ट 2019 आठवा. पंचगंगेला महापूर आला होता, कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता, गावंच्या गावं पाण्यात. त्या दिवसांत महसूलचे लोक, आरोग्य सेविका, महावितरणचे वायरमन, पोलीस रात्रंदिवस राबत होते. जुलै 2021 ला परत तेच. एरवी ज्यांच्याबद्दल आपण "बसून पगार खातात" म्हणतो, तीच माणसं होती. पगार तोच होता.

मग काय बदललं? आपली मोजपट्टी लावा. कामाचा अर्थ डोळ्यांसमोर होता: समोर अंधारातलं गाव, तार जोडली की उजेड. दुसरं, जागेवरच्या माणसाला जागेवर निर्णय घ्यावे लागत होते, दर वेळी वर विचारायला वेळ नव्हता. आणि तिसरं, लोक आभार मानत होते, कौतुक तिथल्या तिथे मिळत होतं. दमणूक प्रचंड होती, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काही बरं नव्हतं, आणि म्हणूनच असा वेग वर्षभर चालू शकत नाही. पण पहिल्या दोन उत्तरांनी माणसाला किती लांब नेलं, ते बघा.

म्हणून "आजकालची माणसंच तशी" हे वाक्य आजपासून बंद. माणूस बहुतेक वेळा तोच असतो. त्याच्याभोवतीची मांडणी बदलते तसा तो बदलतो.

आता तुमच्या दुकानाचा हिशेब

समजा, तुमचा मसाला कांडपाचा छोटा उद्योग आहे. एक माणूस 14,000 पगारावर आहे आणि तो सोडून गेला. नवीन माणूस आला, त्याला भाजणीचा अंदाज, गिऱ्हाइकांची ओळख यायला दोन महिने लागले. त्या काळात तो निम्म्या वेगाने काम करतो असं धरू. दोन महिन्यांचा पगार 28,000 दिला, काम मिळालं 14,000 चं. त्यात 3,000 चा माल करपला. म्हणजे 17,000 रुपये गेले, आणि तुमची दगदग यात धरलेलीच नाही. जुन्या माणसाला महिना हजार रुपये वाढवले असते तर वर्षाला 12,000 लागले असते.

पण नुसते हजार रुपये वाढवून तो थांबेलच असं नाही, हे आता आपल्याला माहीत आहे. म्हणून पाच कामं करा.

1. आधी पहिला गट नीट करा. किमान वेतन, ठरलेल्या तारखेला पगार, आठवड्याची सुट्टी, प्यायचं पाणी, स्वच्छ संडास. दुकानात बाई कामाला असेल तर शेवटचं फार महत्त्वाचं. 2025 च्या सुरुवातीला राज्य सरकारने कार्यालयांसाठी शंभर दिवसांचा कार्यक्रम घेतला. त्याच्या सात मुद्द्यांत स्वच्छता आणि कामाच्या ठिकाणच्या सोयी हे दोन मुद्दे होते, ते उगाच नाही. पगार दहा तारखेवरून पंधरावर, पंधरावरून वीसवर ढकलत असाल तर पुढची चार कामं करूच नका, उपयोग नाही.

2. दुकानाचे सहा गठ्ठे लावा. एका फळ्यावर लिहा: आजची कामं, वाट पाहतोय ती कामं (पुरवठादाराचा माल, गिऱ्हाइकाची उधारी), ठराविक तारखेची कामं (वीजबिल, जीएसटी), कायमचे नियम (भाजणीचं प्रमाण, भाव), ठेवायचे कागद, फेकायचा पसारा. माणसाला सकाळी "आज काय करू, मालक?" विचारावं लागू नये.

3. निर्णयाची एक हद्द द्या. "शंभर रुपयांपर्यंतची तक्रार असेल तर मला न विचारता माल बदलून द्यायचा." रक्कम तुम्ही ठरवा. गिऱ्हाइकासमोर त्याने निर्णय घेतला आणि तुम्हाला पटला नाही, तरी गिऱ्हाइकासमोर मोडू नका. मागाहून बोला. एकदा चारचौघांत शोभा केलीत की तो पुन्हा कधी निर्णय घेणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच बिघडतं.

4. अहवाल गोपनीय ठेवू नका. दर शनिवारी दहा मिनिटं बसा, चहा मागवा. एक गोष्ट चांगली झाली ती नेमकी सांगा. "छान काम करतोस" असं मोघम नको. "त्या आंब्याच्या हॉटेलवाल्यांची ऑर्डर तू रात्री पॅक करून ठेवलीस म्हणून सकाळची गाडी चुकली नाही" असं सांगा. एक गोष्ट सुधारायची सांगा. आणि मग विचारा, "माझ्यामुळे तुझं काम कुठे अडतं?" त्याचं उत्तर ऐकताना मधे बोलू नका. वयाने मोठ्या माणसाला कामावर ठेवलं असेल तर अहो-जाहो, मावशी, काका, जे घरी म्हणाल तेच म्हणा. मालक झालात म्हणून नातं खाली येत नाही.

5. वाढ वर्षांवर ठेवू नका, शिकण्यावर ठेवा. "एक वर्ष झालं की पाचशे" याऐवजी "भाजणी एकट्याने जमली की पाचशे, हिशेब जमला की आणखी पाचशे" असं आधीच सांगून ठेवा. शब्द दिलात तर पाळा. सरकारची वाढ उशिरा येते, पण येते. तुमची यायलाच हवी, नाहीतर तुमच्यापेक्षा सरकार बरं, हे त्याचं म्हणणं खरं ठरेल.

आणि तरीही तो भरतीला गेला तर?

जाऊ द्या. हे मनापासून लिहितोय. शाहूवाडी तालुक्यातल्या पोराला एसटीत, पोलिसात, जिल्हा परिषदेत नोकरी लागली तर ते त्याच्या घरासाठी मोठं आहे. परीक्षेच्या आधी चार दिवस सुट्टी द्या. जो मालक परीक्षेला सोडतो, त्याच्याकडे पोरगा खोटी कारणं सांगून दांड्या मारत नाही, आणि जाताना आपल्या जागी दुसरा चांगला माणूस आणून देतो. अडवून ठेवलेला माणूस शरीराने राहतो. मनाने तो अर्ज भरला त्याच दिवशी गेलेला असतो.

या आठवड्याचा गृहपाठ

1. कानचे तीन प्रश्न तुमच्या एका माणसाबद्दल वहीत लिहा आणि तुम्हाला वाटतं ते उत्तर लिहा. माणूस अजून ठेवला नसेल तर तुम्ही पूर्वी जिथे नोकरी केली तिथली स्वतःची उत्तरं लिहा.
2. शनिवारी दहा मिनिटांची बैठक घ्या. "माझ्यामुळे तुझं काम कुठे अडतं?" हा प्रश्न विचारा. मिळालेलं उत्तर तुमच्या अंदाजाशी ताडून बघा.
3. त्या उत्तरातली एक गोष्ट, छोटी का असेना, सोमवारपर्यंत बदला. नाही बदललीत तर पुढच्या शनिवारी तो काही बोलणार नाही.

पुढच्या भागात आपण पहिला माणूस ठेवताना त्याच्याशी काय काय आधी बोलून घ्यायचं, पगार कसा ठरवायचा आणि ते कागदावर कसं लिहायचं, ते बघू. तोवर फळा लावून घ्या.